कॅसिनो रेटच्या नावाखाली गेलेले 50,241 रुपये

15,120 अधिक 10,000 अधिक 25,121. एकूण 50,241 रुपये. सुताच्या पेढीवर एकोणीस वर्षं जमाखर्च लिहिणाऱ्या बाईनं, म्हणजे मी, हॉटेल बुकिंगच्या फसवणुकीत स्वतःचा यूपीआय पिन घालून पाऊण तासात हे पैसे घालवले. सासरी नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. लाज वाटते म्हणून तिथं बोलले नाही, संताप आवरत नाही म्हणून इथं लिहितेय.

दीर-जावेच्या लग्नाला डिसेंबरात पंचवीस वर्षं झाली. दोन रूम, दोन रात्री, पणजीत मांडवीकाठचं कॅसिनो असलेलं पंचतारांकित हॉटेल, असं मनात होतं. जुगाराशी आमच्या घरात कुणाचा संबंध नाही. जाऊबाईंना खिडकीतून नदी आणि दिवे लागलेली जहाजं बघायची होती, एवढंच. साईटवर एका रूमचा एका रात्रीचा दर 13,500 होता. म्हटलं, फोन करून थोडं कमी होतंय का विचारावं. फोनमधल्या ऑनलाइन नकाशावर हॉटेलच्या नावाखाली जो नंबर होता तोच लावला. कुठल्याही जाहिरातीवर किंवा लिंकवर मी बोट ठेवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

पलीकडचा माणूस मराठीत बोलत होता, मध्येच एखादा कोकणी शब्द. म्हणाला, साईटचा रेट सोडा, कॅसिनो गेस्ट रेट लावतो, 7,200, नाश्त्यासकट. 22 सप्टेंबरपासून कॅसिनोवरचा जीएसटी 28 चा 40 टक्के झालाय, गिऱ्हाईक कमी आहे, रूम भरायच्या आहेत. कराची बातमी खरी होती, मला माहीत होती, म्हणूनच तिला चिकटवलेलं खोटं गळी उतरलं. सगळे 21 च्या वर आहेत ना, गोव्याचे रहिवासी नाहीत ना, हेही त्यानं विचारलं, कारण स्थानिकांना कॅसिनोत प्रवेश नाही. रूम 7,500 च्या आत म्हणून 5 टक्केच कर, वर गेलं की 18, हेही बरोबर सांगितलं. 28,800 अधिक 1,440, म्हणजे 30,240. निम्मे आगाऊ.

हॉटेलं कॅसिनोच्या पाहुण्यांना रूम स्वस्त देतात, ही थाप नाही. पण ती खेळणाऱ्यांना, किती पैसे लावतात आणि किती वेळ टेबलावर बसतात ते बघून. कधी एक डाव न खेळलेल्या बाईला पहिल्याच फोनवर निम्मा दर मिळत नसतो.

आता माझं जिथं चुकलं ते. व्हॉट्सॲपवर बिल आलं. लोगो, पत्ता, सगळं जागच्या जागी. जीएसटी नंबर 08 नं सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात: गोव्याचा कोड 30, आपला महाराष्ट्राचा 27, आणि 08 म्हणजे राजस्थान. पणजीतल्या रूमचं बिल राजस्थानच्या नंबरवर निघेल कसं? त्यापुढं मालकाचा पॅन नंबर असतो. नंबरातलं सहावं अक्षर, म्हणजे पॅनचं चौथं, पी होतं. पी एकट्या माणसाचा, कंपनीला सी असतो. पेढीवर असं बिल आलं असतं तर मी ते हातात घेताक्षणी परत केलं असतं. रोजचं काम आहे माझं. त्या दिवशी फक्त बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

पैसे पाठवताना पडद्यावर हॉटेलचं नाही, कुठल्यातरी माणसाचं नाव आलं. मी विचारलं. "अकाउंट्सचे सर आहेत मॅडम, कॅसिनो डेस्कचं खातं वेगळं असतं." आमच्याकडेही गडबडीत कधी मालकांच्या खात्यावर पैसे येतात, तसंच असेल असं धरलं. तुम्ही धरू नका. पडद्यावर दुसरं नाव दिसलं की फोन ठेवा.

मग 10,000 परत मिळणारी अनामत. मग म्हणाला, दोन तुकड्यांत आल्यामुळे सिस्टीम बुकिंग घेत नाही. सगळी रक्कम एकदम पाठवा, एक रुपया जास्त घाला म्हणजे नवी नोंद पडेल, आधीचे 25,120 पंधरा मिनिटांत परत येतील. इथं तरी थांबायचं. पण अडकलेले 25,120 सोडवायचे होते, त्या घाईत पुन्हा तेवढेच दिले. याला हाव म्हणू नका.

शनिवार होता. "बँकेला सुट्टी आहे, सोमवारी परत येतील." यूपीआयला शनिवार-रविवार नसतो हे मला कळत नाही का? कळतं. तरी गप्प बसले. त्या दोन दिवसांतच पैसे पुढच्या खात्यांत गेले. शंका आली त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, घरच्यांना नंतर सांगा.

बँक म्हणते, पिन तुम्हीच घातला, आमची जबाबदारी नाही. मग ज्या बँकेनं त्या चोराला खातं उघडून दिलं तिनं केवायसी कुणाची केली? ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, प्रकरण गोव्याचं, तिकडं द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यायचा. मी छापील कागद पुढं केला. "तुम्ही वकील आहात का?" सायबरवाल्यांकडे गेले, तर ऑनलाइन केलीय ना तक्रार, मग मेसेज येईल. आणि वर, "कॅसिनोत कशाला जायचं होतं बाई?" चोराला कुणी काही विचारलं नाही, मला विचारलं. तीन चकरा, तीन रजा, प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच कहाणी. हॉटेलच्या खऱ्या रिसेप्शनवर कळलं की असे फसलेल्यांचे फोन त्यांना आधीही आलेत. मग साईटवर दोन ओळी ठळक लिहायला काय लागतं? नकाशावरचा तो नंबर मी तीनदा कळवला. तो अजून तिथंच आहे.

एका खात्यात 6,300 रुपये गोठवलेत, ते अजून परत मिळालेले नाहीत. उरलेले 43,941 कुठं गेले ते कुणी सांगत नाही.

एक गोष्ट अजून लिहिली नाही. चेक-इनसाठी म्हणून त्यानं चौघांच्या आधारचे फोटो मागितले होते आणि मी दिले. कुणालाही अख्खं आधार पाठवू नका, पहिले आठ अंक झाकलेलं मिळतं ते द्या. दीर-जावेला मी रूम मिळाल्या नाहीत असं सांगितलंय. आता त्यांना आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. या रविवारी जाणार आहे.