ब्रावेक्टो गोळीचा अनुभव: आमची दोन कुत्री आणि भिंतीपलीकडची दोन

सांगली-मिरजेत गोचिड्यांनी वैतागलेल्या सगळ्या कुत्रेवाल्यांसाठी लिहितेय. गोळी महाग आहे पण काम करते, आणि तरीही शेजारच्या कुत्र्यांकडे कोणी बघतच नसेल तर नुसत्या गोळीवर भागत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल.

आमच्याकडे जिमी आणि बंड्या. जिमी लॅब आहे, ३० किलोच्या आसपास, बंड्या आपला गावठी, १८ किलो. आम्ही शामरावनगरला राहतो, आजूबाजूला मोकळे प्लॉट, पावसाळ्यात गुडघाभर गवत, त्यामुळे गोचिड्या आमच्या इकडे नवीन नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यापासून रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, काखा तपासायच्या आणि चिमट्याने काढत बसायचं असं चाललं होतं. पावडर झाली, कॉलर झाला, अमिट्राझचं औषध पाण्यात मिसळून अंगाला लावणंही झालं. त्या औषधाने फरक पडतो, नाही असं नाही, पण ते वाळेपर्यंत कुत्र्याने चाटायचं नसतं आणि जिमीला दहा मिनिटं न चाटता बसवणं म्हणजे घरातल्या एका माणसाचं तेवढंच काम. आणि कोणी रॉकेल लावा म्हणून सांगितलं तर प्लीज ऐकू नका, कातडी भाजते आणि चाटलं तर पोटात विष जातं.

मग डॉक्टरांनी ब्रावेक्टो सुचवली. चघळायची गोळी आहे, आत फ्लुरालॅनर नावाचं औषध असतं, ते रक्तात उतरतं आणि गोचीड चावली की मरते. एका गोळीचा परिणाम १२ आठवडे. वजनाप्रमाणे मिळते, १० ते २० किलोला ५०० मिलीग्रॅमची, २० ते ४० किलोला १००० ची, त्यामुळे आधी कुत्र्याचं वजन करून घ्या, अंदाजाने आणू नका, आणि मोठी गोळी आणून दोघांत अर्धी अर्धी पण करू नका. जेवणासोबत द्यायची, रिकाम्या पोटी नाही. बंड्याने खाऊ समजून मटकन खाल्ली, जिमीने तर हातातून ओढूनच घेतली. दोघांनाही उलटी नाही, जुलाब नाहीत, दुसऱ्या दिवशीपासून अंगावरच्या गोचिड्या मेलेल्या, वाळलेल्या सापडायला लागल्या. कुत्र्याला फिट येत असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. फ्लुरालॅनरच्या गटातल्या सगळ्याच गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये तशी सूचना काढलीय, काही कुत्र्यांना झटके येणं, तोल जाणं असं दिसलंय म्हणून.

आता खरी गोष्ट. गोळी देऊनही आमच्या मागच्या भिंतीवर गोचिड्या चढताना दिसायच्याच. दोघांच्या अंगावर जिवंत टिकत नव्हत्या, पण यायच्या थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी जे समजावलं ते सगळ्यांना माहिती पाहिजे असं मला वाटतं. कुत्र्यांवर असते ती तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दरवेळी पोट भरलं की खाली पडते, भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, पत्र्याच्या खाचेत जाऊन बसते, तिथेच कात टाकते, आणि मादी शेवटी तिथेच हजारोंनी अंडी घालते. कित्येक महिने उपाशी राहू शकते. म्हणजे आपल्याला कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी जास्त भेगांमध्ये असतात. आणि आमच्या मागच्या भिंतीच्या पलीकडे शेजारची दोन कुत्री बांधलेली असतात.

रॉकी हा जर्मन शेफर्ड आणि काळी नावाची गावठी कुत्री. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलाने हौसेनं आणलेली, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आणि काकू एकट्या घर, दवाखाना, काका सगळं ओढतात. घर आणि कंपाउंडच्या मधल्या बोळात पत्र्याखाली दोघं असतात. रॉकीची साखळी एवढी आखूड की ऊन सरकत आलं तरी त्याला सावलीकडे सरकता येत नाही, आणि सांगलीचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहितीये, त्यात त्याच्या अंगावर तो दाट केसांचा कोट. पाण्याचं घमेलं दुपारपर्यंत कोरडं. फिरवणं नाही, लस नाही, कानात गोचिड्यांचे झुपकेच्या झुपके. आधी तो भुंकायचा तेव्हा मला त्रास व्हायचा, मग भुंकायचा बंद झाला तेव्हा जास्त त्रास व्हायला लागला. आमचे दोघं आत पंख्याखाली पसरलेले आणि भिंतीपलीकडे साखळीचा आवाज, हे रोज ऐकत जेवण जात नाही हो.

मी पाइपने भिंतीवरून पाणी घालायचे, चपात्या, भात टाकायचे. पण औषध गुपचूप द्यायचं नाही हे मी पक्कं ठरवलेलं. दुसऱ्याचं कुत्रं, त्याला काय आजार आहे माहिती नाही, वजन माहिती नाही, उद्या काही झालं तर बिचारं जीवानिशी जाईल. काकूंकडे गेले आणि तुम्ही कुत्री नीट ठेवत नाही असलं काही बोलले नाही. म्हणलं काकू, आमच्या घरात गोचिड्या यायला लागल्यात, मुलं खाली खेळतात, डॉक्टर घरी येणार आहेत तर रॉकी आणि काळीलाही दाखवू का, पैसे मी बघते. काकू म्हणाल्या, "अगं कुत्रंच हाय ते, त्याला काय हुतंय," आणि मग जरा थांबून, "बघ बाई, माझ्याच्यानं आता हुईना झालंय." मला राग होता तो तिथेच निम्मा उतरला. निम्मा अजून आहे, कारण होत नव्हतं तर मुलाने कुणाला तरी द्यायची होती दोघांना.

डॉक्टरांनी रॉकीला उचलून काट्यावर धरला तर २२ किलो. या जातीचा नर ३० च्या पुढे असायला पाहिजे. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, नाकातून थोडं रक्त, म्हणून गोळीच्या आधी रक्त तपासायला लावलं, प्लेटलेट खूप खाली, टिक फीवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा चार आठवड्यांचा कोर्स लागला, तो मी भाकरीत घालून दिला, काकूंना सकाळची गोळी आठवणीने द्यायला सांगितली आणि त्यांनी दिलीसुद्धा. पोटात अन्न राहायला लागल्यावर डॉक्टरांनी ब्रावेक्टो द्यायला सांगितली, रॉकीला १००० ची, काळीला ५०० ची. बोळातल्या भेगा गवंड्याकडून सिमेंटने बुजवून घेतल्या, दोन्ही बाजूंनी फवारणी केली आणि वाळेपर्यंत चारही कुत्री आमच्या गच्चीवर. त्यानंतर आमच्या भिंतीवरचं चढणं हळूहळू कमी होत थांबलं. इथे मला गोळीची खरी ताकद कळली, आजूबाजूच्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी दिली तर ती घर साफ करते, एकट्याला दिली तर फक्त त्या एकट्याला वाचवते.

आणि ते वाचवणंही शंभर टक्के नाही. गोचीड आधी चावते, मग मरते, त्यामुळे टिक फीवरचा धोका कमी होतो, संपत नाही. कुत्रं एक दिवस जेवलं नाही, अंग गरम लागलं, नाकातून रक्त आलं तर गोळी चालू आहे म्हणून घरी बसू नका.

ज्यांचे शेजारी ऐकूनच घेत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कायदा आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, त्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, पुरेसं खाणंपाणी आणि निवारा न देणं, हे सगळं गुन्ह्यात येतं. पोलिसात लेखी तक्रार देता येते, फोटो-व्हिडिओ तारखेसकट ठेवा. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हा आकडा वाचून मी सुन्न झाले होते, कारण पन्नास रुपयांत आज बिस्किटाचे दोन-तीन पुडे येतात. म्हणून माझ्या मते आधी दार वाजवा, तक्रार नंतर.

साखळीचं अजून पूर्ण मिटलेलं नाही. लांब साखळी मी आणून दिली, संध्याकाळी रॉकीला माझा नवरा आमच्या दोघांसोबत फिरवून आणतो, पण दिवसभर तो बोळातच असतो. मला सगळ्यात जास्त काळजी पावसाळ्याची. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा आमच्या भागात काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. रात्री पाणी आलं तर काकू आधी काकांना बघणार, ते बरोबरच आहे, मग ही दोघं कोण सोडणार? म्हणून साखळी गळ्यापाशी तारेने पिळून टाकलेली होती ती तार काढून दाबून उघडणारा हूक लावलाय आणि बोळाच्या गेटची एक चावी आमच्याकडे ठेवलीय. तुमच्या आसपास अशी बांधलेली कुत्री असतील तर एवढं तरी जूनच्या आत करून घ्या.

खरेदीचं म्हणाल तर किंमत चार आकडी आहे, चार कुत्र्यांची एकदम घेतली तर खिशाला जाणवतं. डॉक्टरांकडून किंवा बिल देणाऱ्या मेडिकलमधूनच घ्या, पाकीट सीलबंद आणि एक्स्पायरी बघून, सुटी गोळी घेऊ नका, आणि पुढच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्याला खर्च विभागायचा असेल तर नेक्सगार्ड नावाची गोळी आहे, ती दर महिन्याला द्यावी लागते आणि आमच्याकडे तारीख चुकायची शक्यता जास्त म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही. रॉकी-काळीच्या पुढच्या गोळीचे पैसे मुलगा पाठवतो म्हणालाय फोनवर. नाही पाठवले तरी गोळी वेळेवर जाणार.

गोळीला पाचपैकी चार स्टार, एक किमतीसाठी कमी.