माल न्हावा शेवाला सोडवायचा की अजनीला? अँटी-डम्पिंगवाल्या मालापुरतं माझं मत

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं चोक (तारेची गुंडाळी असलेला विजेचा भाग) आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरचं युनिट आहे, त्यांचे कोअर, म्हणजे तार ज्यावर गुंडाळतात त्या चुंबकीय रिंगा, चीनहून येतात. मार्च २०२५ मध्ये सॉफ्ट फेराइट (भाजून केलेलं चुंबकीय सिरॅमिक) कोअरवर अँटी-डम्पिंग, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरची जादा ड्युटी, लागली, वरचा दर सीआयएफच्या (माल, विमा आणि जहाजभाडं धरून किमतीच्या) ३५ टक्के, आणि त्यानंतर मी एक खेप न्हावा शेवा बंदरात कस्टम्समधून सोडवली नि पुढच्या दोन नागपुरातल्या अजनीच्या आयसीडीत (रेल्वेने कंटेनर येतात आणि कस्टम्स होतं तो डेपो). आपल्या इकडचे बरेच जण हेच विचारतात म्हणून सविस्तर लिहितो, बीई (बिल ऑफ एंट्री, आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद) वगैरे प्राथमिक गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून.

न्हावा शेवाची बाजू कमजोर नाही बरं का. माल तिथेच सुटतो, रेकची (कंटेनरच्या मालगाडीची) भानगड नाही, आणि ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून ७०१ किमीचा सलग रस्ता झाला, माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी युनिटच्या गेटवर उभी होती. शिवाय सीएचए (कस्टम्सचं काम करणारे एजंट) पाहिजे तेवढे.

अजनीला वेळ जास्त लागतो. बंदरावर रेकची वाट बघावी लागते आणि तेवढ्यात शिपिंग लाइनचे फ्री दिवस (कंटेनर बिनभाड्याने ठेवता येतो ते) संपत जातात, म्हणून बुकिंगच्या वेळीच जास्त दिवस लिहून घ्या, आणि रिकामा कंटेनर नागपुरातच परत घेतील का तेही विचारून ठेवा, नाहीतर तो परत पाठवायचं भाडं तुमच्याच माथी.

कस्टम्सचा ऑफिसर ओळखीचा असला की काम सोपं, असं अजूनही काही जण म्हणतात. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आहे, तुमची बीई देशात कुठेही बसलेला अधिकारी बघू शकतो, त्यामुळे तो मुद्दा दोन्हीकडे सारखाच. पण मालाची तपासणी मात्र माल जिथे आहे तिथेच होते. माझा निर्णय झाला तो ह्याच एका गोष्टीवर.

झालं असं की पहिल्या खेपेत दोन प्रकारच्या रिंगा होत्या, हिरव्या फेराइटच्या आणि पिवळ्या-पांढऱ्या आयर्न पावडरच्या. आयर्न पावडर म्हणजे फेराइट नाही, त्या ड्युटीत ती बसत नाही. पण सप्लायरने इन्व्हॉइसवर सरसकट ‘मॅग्नेटिक कोअर’ लिहिलं होतं आणि ते मी आधी बघितलं नाही, ती चूक माझीच. कस्टम्सची क्वेरी आली, सॅम्पल काढायचं ठरलं, मी इकडे हिंगण्यात. सीएचएचा पोरगा तिकडे उभा होता, पण त्याला दोन्हीतला फरक काय कळणार, दाराजवळचे दोन कार्टन उघडले, दोन्हीत हिरव्या रिंगा, त्याच सील झाल्या आणि मग मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मी फोनवर ओरडून काय उपयोग, कागदावर सगळी खेप फेराइट झाली होती. ऑफिसरला दोष देत नाही, त्यांच्यासमोर जे ठेवलं त्यावर त्यांनी लिहिलं.

आता हिशेब बघा. आयर्न पावडरचा भाग सीआयएफने ४ लाखांचा, त्यावर ३५ टक्के म्हणजे १ लाख ४० हजार, आणि अँटी-डम्पिंग आयजीएसटीच्या (आयातीवरच्या जीएसटीच्या) किमतीतही धरली जाते म्हणून १८ टक्क्यांनी वर अजून २५,२०० रुपये. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण अँटी-डम्पिंगचं मिळत नाही, ते पैसे गेले ते गेले. डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचं शिपिंग लाइनचं भाडं) चढत होतं म्हणून प्रोटेस्ट, म्हणजे मान्य नसल्याचं, नोंदवून भरून टाकले. नंतर वकिलाकडून कळलं की नुसता रिफंडचा अर्ज टाकून भागत नाही, २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आधी असेसमेंटच्या ऑर्डरवरच अपील करावं लागतं, मुदत ६० दिवस. ते केलं आहे, अजून चालू आहे.

दुसऱ्या खेपेला अजनीला मी स्वतः शेडमध्ये गेलो, घरून निघालो आणि अर्ध्या तासात तिथे. खिशात दोन्ही रिंगा आणि एक छोटी कानस. हिरवी रिंग हातोडीने ठोकली तर कपाच्या कानासारखी कटकन तुटली, आतून काळपट, भाजलेल्या मातीसारखी. पिवळीवर कानस फिरवली तर आतून धातू चकाकला. तेवढ्यावर निर्णय होत नसतोच, पण दोन्हींची सॅम्पल वेगवेगळी निघाली, कार्टन नंबर टाकून वेगवेगळी लॅबला गेली, आणि अँटी-डम्पिंग फक्त फेराइटवर लागली. खरं सांगायचं तर ह्या वेळी इन्व्हॉइसमध्ये दोन वेगळ्या ओळी होत्या, त्याचाही वाटा असेलच. पण सॅम्पल निघताना आपण तिथे उभं असणं वेगळं, एवढं मी अनुभवावरून म्हणू शकतो.

आणखी एक, दोन्हीकडे लागू. अँटी-डम्पिंगचा दर उत्पादकाच्या नावावर ठरतो. ट्रेडरकडून माल घेतला आणि कागदावर फॅक्टरीचं नाव नसलं तर ‘इतर कोणताही उत्पादक’ ह्या ओळीतला दर लागतो, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात वरचा असतो. आणि ड्युटी येणार अशी कुणकुण असताना माल बाँडमध्ये (ड्युटी न भरता कस्टम्सच्या गोदामात) ठेवून वाट बघत बसू नका, कारण बाँडमधल्या मालाला तो बाहेर काढायची एक्स-बाँड बीई टाकाल त्या दिवशीचा दर लागतो, मधल्या काळात नोटिफिकेशन आलं तर ते तुमच्याच मालावर.

म्हणून ज्यांचा माल एकाच प्रकारचा आहे, अँटी-डम्पिंगचा संबंध नाही आणि घाई आहे, त्यांना न्हावा शेवा अन् समृद्धी बरं पडेल, मी नाही म्हणणार नाही. पण ज्यांच्या खेपेत ड्युटीवाला आणि बिनड्युटीवाला माल शेजारी शेजारी बसतो, किंवा हातात धरून समजावून सांगावा लागतो, त्यांनी माझ्या मते आठ-दहा दिवस जास्त धरावे आणि अजनीच घ्यावं. फक्त बी/एलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजाच्या मालाची पावती) ड्राफ्ट आला की शेवटचं ठिकाण आयसीडी नागपूर लिहिलंय का ते तेव्हाच बघा, बोट सुटल्यावर आयजीएममध्ये (शिपिंग लाइनने कस्टम्सला दिलेल्या मालाच्या यादीत) दुरुस्ती करायची म्हणजे वेगळी धावपळ आणि वेगळा खर्च. माझ्या तिसऱ्या खेपेचा ड्राफ्ट मी दोनदा परत पाठवला होता.