फ्रिजच्या दाराला अडणा: कॅम्परव्हॅनमधला वर्षभराचा अनुभव

मागच्या ऑगस्टात आम्ही एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतली. गाडी खारघरला आमच्या सोसायटीत उभी असते आणि महिन्यातून एकदा तरी चिपळूणजवळच्या गावी जाते. आत बारा व्होल्टचा, कॉम्प्रेसरवर चालणारा ९० लिटरचा उभा फ्रिज आहे. थंड ठेवण्याच्या कामात तो उत्तम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी लिहिणार आहे ते त्याच्या दाराबद्दल. चालत्या गाडीत हे दार बंद ठेवायला मला चार महिने लागले. त्यानंतर जे बसवलं ते जानेवारीपासून आज जुलैपर्यंत एकदाही सुटलेलं नाही.

आमच्यासाठी हा फक्त सांडलवंडीचा प्रश्न नाही. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि ते गोठलं तर फेकून द्यावं लागतं. गावी मुक्काम लांबला तर महिन्याभराचा साठा या फ्रिजमध्येच असतो.

पहिला फटका गणपतीला जाताना बसला. फ्रिजच्या हँडलमध्येच प्लॅस्टिकची जीभ होती, दार लावलं की ती खाचेत बसायची. पहिल्याच महिन्यात ती मुळापासून तुटली. सुटा भाग मिळायला तीन महिने लागतील असं उत्तर आलं. गॅस्केटच्या, म्हणजे दाराच्या कडेच्या रबराच्या, चुंबकावर दार घट्ट बसतंय असं वाटलं, म्हणून तसेच निघालो. पळस्पे, पेण, माणगाव, कशेडी, सगळं नीट पार पडलं. परशुराम घाट उतरताना एका उजव्या वळणावर मागून धप्पकन आवाज आला. आप्पा म्हणाले, "अगं, मागे बघ, काहीतरी पडलं." दार सताड उघडं होतं. कोळंबीच्या कालवणाचा डबा उपडा, दही मॅटच्या शिवणीत शिरलेलं आणि इन्सुलिनच्या पाचांपैकी दोन कार्ट्रिज फुटलेल्या. उरलेल्या तीन मी ओढणीच्या टोकाने पुसून हातात धरून बसले. चिपळुणात मेडिकलच्या दुकानात दोन मिळाल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर मी हँडलला सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवून ओढून पाहिलं. साडेतीन किलोच्या आसपास चुंबक सुटत होता. आता वळणाचा हिशोब बघा. ताशी ३० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं की बाहेरच्या बाजूला वस्तूच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश जोर लागतो. वेग निम्मा केला तर तो चौथाईवर येतो, म्हणून घाटात वेग थोडा कमी केला तरी फरक जाणवतो. आमचं दार बाटल्यांसकट आठेक किलोचं, म्हणजे ओढ पावणेतीन किलोच्या आत. ती दाराच्या मधोमध लागते, त्यामुळे हँडलपाशी तर त्याच्या निम्मीच पडते. नुसत्या दाराच्या वजनाने चुंबक सुटायला नको होता. सुटला, कारण आतल्या कप्प्यावरचा डबा घसरत येऊन दाराला धडकला. दार आतून ढकललं जातं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं आणि पुढचे सगळे उपाय मी त्याच नजरेने पाहिले.

फ्रिज ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीला आहे आणि दार मधल्या वाटेकडे, म्हणजे डावीकडे उघडतं. गाडी उजवीकडे वळली की सगळं दारावर येतं. फ्रिज डाव्या भिंतीला असेल त्यांना डावी वळणं जपावी लागतील. बिजागरीही महत्त्वाची आहे. आमची पुढच्या बाजूला होती, त्यामुळे दार किलकिलं झालं आणि ब्रेक लागला की ते आणखी उघडायचं. या फ्रिजची बिजागरी बदलता येते, ती मी मागच्या बाजूला करून घेतली. आता चुकून दार उघडंच राहिलं तर ब्रेक लागल्यावर ते मिटतं. याला एक पैसा लागला नाही, फक्त अर्धा तास आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

मग चाइल्ड लॉक आणलं, लहान मुलं कपाटं उघडू नयेत म्हणून चिकटवतात ते. पहिलं मी चिकटवून लगेच वापरायला घेतलं, ती माझी चूक. अशा जाड दुहेरी टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात आणि आधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा लागतो. दुसरं सगळं नियमाने लावलं. ऑक्टोबरच्या उन्हात गाडी दिवसभर बंद उभी राहिली आणि टेप मऊ पडून लॉक बोटभर खाली घसरलं. सोसायटीत सावलीत उभ्या गाडीत ते टिकेल, पण आमची गाडी उन्हात असते.

त्यानंतर पट्टे. लवचिक दोरीचा हुक लावून पाहिला, पण जोर आला की ती ताणते, म्हणजे नेमकी नको तेव्हा सैल होते. मग सामान बांधायचा कटकट आवाज करणारा पट्टा फ्रिजभोवती आवळला. दार हललंही नाही, मी खूश. दोन आठवड्यांनी दिसलं की कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि सकाळी बॅटरी नेहमीपेक्षा बरीच उतरलेली असते. दारात कागद धरून ओढून पाहिला. हँडलच्या बाजूला तो घट्ट होता, खालच्या कोपऱ्यात सरळ निघून आला. पट्ट्याने गॅस्केट एका जागी दाबलं गेलं होतं आणि कोपऱ्यात फट पडली होती. गरम पाण्यात फडकं बुडवून रबर शेकलं, तेव्हा ते बरंचसं पूर्ववत झालं.

फ्रिजलाच कडी-कोयंडा ठोकून टाकू, असं पनवेलच्या एका मिस्त्रींनी सुचवलं. मी नको म्हटलं आणि तुम्हीही म्हणा. पुष्कळ फ्रिजमध्ये गरम वायूच्या नळ्या बाजूच्या पत्र्याला लागून गेलेल्या असतात, काहींत दाराच्या चौकटीभोवतीही. ड्रिल नळीत गेलं तर फ्रिज संपला आणि आत थंडाव्यासाठी आर ६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असेल तर तो ज्वलनशील वायू आहे. बंद गाडीत तो धोका कोणी घ्यायचा?

शेवटी मार्ग आप्पांनी दाखवला. डिसेंबरात गावच्या घरी मागचं दार लावताना ते म्हणाले, "फ्रिजला असा अडणा का नाही लावत? भिंतीत बसतो, दाराला हातही लावत नाही." जुन्या घरांना असतो तसा, दाराच्या आतून आडवा सरकवायचा लाकडी दांडा. मी तिथेच उभी राहून तो दोनदा काढला, दोनदा लावला.

आमचा फ्रिज १८ मिलिमीटर प्लायच्या खणात बसवलेला आहे. तळोजा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून तीन मिलिमीटर स्टेनलेस स्टीलचे दोन यू-आकाराचे पकडे वाकवून घेतले आणि खणाच्या दोन्ही उभ्या फळ्यांवर हँडलच्या जरा वर बसवले. लाकडात पिळायचे साधे स्क्रू वापरले नाहीत, गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. आरपार बोल्ट, मागे मोठा वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सैल न होणारा नट. त्यांत आडवी पडते ती दोन फुटी सागवानी पट्टी, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड. आतल्या बाजूला मऊ रबराची पट्टी चिकटवली आहे. ती दाराला जेमतेम टेकते, दाबत नाही, म्हणून गॅस्केट वाचतं. खड्ड्यात पट्टी वर उडू नये म्हणून पकड्यांना भोकं पाडून त्यांत ट्रॅक्टरवाले वापरतात ती आर पिन घातली. मजुरीसकट सगळा खर्च साडेआठशे रुपये.

पकड्यांना मी दोन खाचा करून घेतल्या, ही या सगळ्यातली माझी सर्वात आवडती गोष्ट. आतली खाच प्रवासासाठी. बाहेरच्या खाचेत पट्टी ठेवली की दार बोटभर उघडं राहतं, त्याहून जास्त उघडत नाही. फ्रिज बंद करून गाडी आठवडाभर उभी असते तेव्हा हे फार उपयोगी पडतं. खारघरच्या पावसात बंद फ्रिजला चार दिवसांत बुरशीचा वास येतो. या जूनमध्ये एकदाही आला नाही.

चाचणी रविवारी पहाटे उत्सव चौकात घेतली. गोल चौकाला आपण डावीकडून आत शिरतो आणि उजवीकडे वळत फिरतो, म्हणजे आमच्या दाराला हवी तशीच परीक्षा. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या, नवरा चालवायला आणि मी मागे बेल्ट लावून दाराकडे बघत. पाच फेऱ्या मारल्या. पट्टी हलली नाही, पण आत बाटल्यांची सरकासरक स्पष्ट ऐकू येत होती. म्हणून प्रत्येक कप्प्याच्या पुढे पडद्यासाठी मिळतो तो ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड लावला. जड डबे सर्वात खाली आणि मागे, दारात फक्त हलक्या बाटल्या, उरलेल्या जागेत जुने पंचे कोंबून. इन्सुलिन छोट्या थर्मामीटरसह प्लॅस्टिकच्या डब्यात, मधल्या कप्प्यावर आणि मागच्या भिंतीपासून दूर, कारण तिथे गोठण्याची भीती असते. हे रॉड नसते तर अडण्यावर रोज मार बसला असता.

सात महिन्यांत दोनदा कुंभार्ली घाट, एकदा माळशेज आणि कोकणात कितीतरी फेऱ्या झाल्या. दार एकदाही सुटलं नाही.

त्रास आहेतच. पट्टी काढायला दोन्ही हात लागतात, एका हातात दुधाचं पातेलं असलं की अडतं. जूनच्या दमट हवेत सागवानही थोडं फुगलं, टोकं सँडपेपरने घासून तेल लावावं लागलं. रबर पातळ झालं की पट्टी खडखडते, मी ते दोनदा बदललं आहे. एक आर पिन मुलाने कुठेतरी टाकली, आता दोन्ही पिना नायलॉनच्या दोरीने पकड्यांना बांधल्या आहेत.

विसरभोळेपणावर उपाय नवऱ्याने काढला. मुक्कामाला पट्टी काढली की ती ड्रायव्हरच्या सीटवर आडवी ठेवायची. बसायचं तर ती उचलावीच लागते आणि उचलली की मागे नेऊन लावली जाते. आप्पा तरीही निघण्याआधी स्वतः जाऊन दोन्ही पिना बोटाने चाचपतात, मग म्हणतात, "चल, निघू."

पुढच्या महिन्यात पुन्हा गणपतीला जायचं आहे. त्या प्रवासात फ्रिज गच्च भरलेला असतो, म्हणून तिसरी रबरपट्टी आणून ठेवली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी बदलेन.