पहिली नॅस्कार शर्यत कुठे पाहावी: डेटोना-टॅलाडेगा की ब्रिस्टल-मार्टिन्सव्हिल?

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कारच्या शर्यती, प्रत्यक्ष पाहायचं ठरलं की पहिलं नाव निघतं ते डेटोनाचं. फेब्रुवारीत होणारी डेटोना ५०० ही १९५९ पासून चालत आलेली, या खेळातली सर्वांत मानाची शर्यत. त्यामुळे अमेरिकेतले मित्र, किंवा मुलांकडे सहा महिने आलेले त्यांचे आई-वडील, "एकदाच बघायची तर डेटोनाच बघू" म्हणतात, ते मला समजतं. तरीही जो कोणी विचारतो त्याला मी आधी ब्रिस्टलला जा म्हणून सांगतो. का, ते नीट मांडायला हवं, कारण काही जणांनी माझं न ऐकता खरोखर डेटोनालाच जावं.

तुलना दोन जोड्यांची आहे. एकीकडे सुपरस्पीडवे: फ्लोरिडातलं डेटोना, अडीच मैलांचं, आणि अलाबामातलं टॅलाडेगा, २.६६ मैलांचं. दुसरीकडे शॉर्ट ट्रॅक, म्हणजे मैलाहून छोटे: टेनेसीतलं ब्रिस्टल, ०.५३३ मैल, आणि व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल, ०.५२६ मैल. शार्लटची मे महिन्यातली ६०० मैलांची शर्यत मी बाजूला ठेवली आहे. ती मला आवडते, पण खेळ अजून न कळणाऱ्या माणसाला तितके तास एका जागी बसवणं पटत नाही.

जागेवरून काय दिसतं

टॅलाडेगाची वळणं ३३ अंशांनी कलंडलेली आहेत. खाली उभं राहून वर पाहिलं तर तो रस्ता न वाटता भिंतच वाटते. जवळजवळ चाळीस गाड्यांचा घोळका ताशी ३०० किलोमीटरच्या वरच्या वेगाने समोरून जातो तेव्हा आवाज कानांच्या आधी छातीत बसतो, तारेचं कुंपण थरथरतं, आणि गाड्या निघून गेल्यावर मागून गरम हवेचा झोत येतो. हा अनुभव कुठलाही टीव्ही देऊ शकत नाही.

पण तो काही सेकंदांचा असतो. एका फेरीला साधारण ५० सेकंद लागतात. बहुतेक वेळ गाड्या लांब पलीकडच्या बाजूला रंगीत ठिपके होऊन फिरत असतात आणि तुम्ही मोठ्या पडद्याकडे बघत बसता. कोणी कुणाला ढकललं, कोणाची रांग पुढे सरकली, हे कळायला शेवटी कॅमेराच लागतो.

ब्रिस्टलमध्ये फेरी पंधरा-सोळा सेकंदांची. चारही बाजूंनी उंच ग्रँडस्टँड, मधोमध काँक्रीटचा छोटा ट्रॅक, आणि तुमच्या खुर्चीवरून सगळा ट्रॅक एकाच नजरेत. पहिल्या क्रमांकासाठीची झुंज, त्याच वेळी अठराव्या क्रमांकासाठीची, पिटमध्ये (गाड्या थांबवून टायर-इंधन घेतात त्या जागेत) चाललेली टायरबदली, सगळं मान न वळवता दिसतं. दहा-पंधरा फेऱ्यांतच पुढच्या गाडीने शेपटाच्या गाड्या गाठलेल्या असतात, आणि मग संपूर्ण वेळ वाट काढत जावं लागतं. नवख्या माणसाला खेळ इथे आपोआप कळतो. शेजारी बसून कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

शर्यत कोण जिंकतं

इथे माझं मत ठाम आहे, त्यामुळे थोडा जास्त वेळ घेतो.

१९८७ साली टॅलाडेगाला बिल इलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला. त्याच आठवड्याच्या शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरच्या कुंपणावर आदळली. त्यानंतर, १९८८ पासून, डेटोना आणि टॅलाडेगा या दोन्ही ट्रॅकवर इंजिनात जाणाऱ्या हवेवर बंधन आलं. निर्णय बरोबरच होता. पण सगळ्यांची ताकद सारखीच आवळली गेल्यावर एकट्या गाडीला पुढे निसटता येईना. पुढच्याच्या आडोशाने जाणं आणि मागच्याने ढकलणं, म्हणजे ड्राफ्टिंग, यावरच सगळं ठरायला लागलं. २०१० आणि २०११ च्या वसंतातल्या टॅलाडेगा शर्यतींत आघाडी प्रत्येकी ८८ वेळा बदलली. आकडा प्रचंड आहे, पण त्यातले बरेच बदल रांग पुढे सरकली म्हणून होतात, ड्रायव्हरने काही वेगळं केलं म्हणून नव्हे.

आणि मग तो मोठा अपघात, ज्याला तिकडे 'बिग वन' म्हणतात. एकाची चूक, पंधरा-वीस गाड्या भंगारात. ज्याने सगळा दिवस अचूक गाडी चालवली तोही त्यात जातो. २०२१ ची डेटोना ५०० मायकेल मॅकडॉवेलने जिंकली ती शेवटच्या फेरीत पुढच्या गाड्या एकमेकांवर आदळल्यावर. कारकिर्दीतल्या ३५८ व्या शर्यतीत पहिला विजय. त्या माणसासाठी मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं साध्या गाड्या चालवत टिकून राहणं सोपं नाही. पण खेळातली सर्वांत मोठी शर्यत अशा तऱ्हेने ठरावी का, याचं माझं उत्तर 'नाही' असंच आहे. त्यातच २०२२ पासूनच्या नव्या गाडीत इंधन वाचवायची चाल रुळली आहे: पिटमध्ये कमी वेळ लागावा म्हणून मधल्या टप्प्यात सगळे अर्ध्या ॲक्सिलरेटरवर तीन-तीनच्या रांगांत चालवतात. दुरून ते देखणं दिसतं, पण खरी शर्यत शेवटच्या तीसेक फेऱ्यांतच होते.

शॉर्ट ट्रॅकवर हिशेब ड्रायव्हरच्या हातात असतो, आणि बंपरच्याही. ब्रिस्टलच्या दोन रात्री सांगतो. १९९५ साली शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टने टेरी लबॉन्टीला मागून धडक दिली. लबॉन्टी वेडावाकडा घसरत, गाडी मोडून घेत, तरीही आधी रेषेपार गेला. १९९९ साली पुन्हा तेच दोघे, पुन्हा शेवटची फेरी. या वेळी लबॉन्टी गरकन फिरला आणि अर्नहार्ट जिंकला. नंतर त्याने सांगितलं की त्याला पाडायचा हेतू नव्हता, फक्त जरा हलवायचं होतं. एरवी त्याला डोक्यावर घेणाऱ्या स्टेडियमने त्या रात्री जोरात हुर्यो केली. बरोबर कोण यावर आजही वाद होतात. शॉर्ट ट्रॅकची शर्यत अशी माणसामाणसांतली असते, म्हणून ती लक्षात राहते.

आता दुसरी बाजू, कारण तिकिटाचे पैसे तुमचे जाणार आहेत. नव्या गाडीने सुपरस्पीडवेपेक्षा शॉर्ट ट्रॅकचं नुकसान जास्त केलं. रुंद टायर, मोठे ब्रेक, गाडीखालच्या हवेवर अवलंबून असलेली पकड. त्यामुळे छोट्या ट्रॅकवर ओव्हरटेक करणं कठीण झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिस्टलला काइल लार्सन ५०० पैकी ४६२ फेऱ्या पुढे होता. त्याची कारागिरी अफाट, पण शर्यत म्हणून ती कंटाळवाणी. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच ट्रॅकवर टायर इतके झपाट्याने झिजत होते की आघाडी ५४ वेळा बदलली. शॉर्ट ट्रॅकवरचा तो विक्रम. टायर जपणारा डेनी हॅमलिन तिथे जिंकला. म्हणजे ट्रॅकमध्ये दोष नाही. टायर झिजतात की नाही यावर सगळं अवलंबून आहे. २०२६ पासून दीड मैलापेक्षा छोट्या ट्रॅकवर इंजिनाची ताकद ६७० वरून ७५० अश्वशक्ती करायचा निर्णय झाला, तो मला फार आधी हवा होता.

ब्रिस्टल की मार्टिन्सव्हिल

मार्टिन्सव्हिल माझं सर्वांत लाडकं आहे, आणि तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ते सुचवत नाही. नॅस्कारच्या १९४९ च्या पहिल्या हंगामापासून आजतागायत शर्यत होणारा हा एकमेव ट्रॅक. आकार पेपरक्लिपसारखा: लांबट सरळ बाजू डांबरी, वळणं आखूड आणि काँक्रीटची, फक्त १२ अंशांनी कललेली. प्रत्येक फेरीत दोनदा करकचून ब्रेक लावावा लागतो. संध्याकाळी उजेड उतरला की तिसऱ्या वळणात शिरताना चाकांच्या आत लाल तापलेल्या ब्रेकच्या तबकड्या दिसतात, एकामागून एक, सगळ्या गाड्यांच्या. पाठीमागच्या बाजूला लागूनच रेल्वेचे रूळ आहेत. विजेत्याला १९६४ पासून माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ मिळतं, आणि मोठमोठे ड्रायव्हर त्या घड्याळासाठी जीव टाकतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इथेच रॉस चॅस्टेनने शेवटच्या फेरीत जे केलं ते तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. हंगामाचं विजेतेपद ज्यांच्यात ठरायचं त्या अंतिम चौघांत जागा मिळवायला दोन क्रमांक कमी पडत होते. त्याने गाडी वरचा गिअर टाकून बाहेरच्या भिंतीला टेकवली, ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि भिंतीच्या आधाराने दोन वळणं घेत पाच गाड्या मागे टाकल्या. फेरी १८.८४५ सेकंदांत. ही चाल लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केली होती, असं त्याने सांगितलं. पुढच्या हंगामापासून नॅस्कारने ती बंद केली.

आपल्याकडच्या माणसासाठी आणखी एक धागा: नारायण कार्तिकेयन २०१० साली नॅस्कारच्या (पिकअप ट्रकच्या) ट्रक मालिकेत उतरला तो मार्टिन्सव्हिलमध्येच, आणि त्या वर्षी त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडूनही आला.

मग पहिल्यांदा का नको? कारण इथलं नाट्य सावकाश शिजतं. ब्रेक कोण जपतोय, कोणाचा राग साठत चाललाय, हे ओळखायला थोडी सवय लागते. ब्रिस्टलची रात्र पहिल्या फेरीपासून अंगावर येते.

पाऊस, आवाज आणि माणसं

सुपरस्पीडवेवर ओल्या ट्रॅकवर गाड्या सोडत नाहीत. टॅलाडेगाला तर प्रकाशझोतही नाहीत, म्हणजे दुपारी पाऊस लांबला की शर्यत सोमवारवर गेली. सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल तर हे आधी ध्यानात घ्या. डेटोनाला दिवे आहेत, तरी २०१२, २०२० आणि २०२४ च्या डेटोना ५०० सोमवारवर गेल्या. मार्टिन्सव्हिलसारख्या काही छोट्या सपाट ट्रॅकसाठी आता ओलाव्यावर चालणारे टायर आले आहेत, त्यामुळे रिमझिम थांबल्यावर लवकर सुरुवात होऊ शकते.

ब्रिस्टलचा आवाज चारही भिंतींत घुमतो. लहान मुलांना कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही हवेच. ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा स्कॅनर भाड्याने मिळतो, तो नक्की घ्या. छतावर उभा असलेला स्पॉटर ड्रायव्हरला "आत गाडी आहे, अजून आहे, मोकळं" असं सांगत असतो, ते ऐकताना शर्यत दुप्पट कळते. बहुतेक ट्रॅकवर छोटी मऊ कूलरबॅग आत नेता येते. शाकाहारी असाल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या. मार्टिन्सव्हिलचं प्रसिद्ध लाल हॉटडॉग तुमच्या उपयोगाचं नाही.

"आपण तिथे वेगळे पडू का?" हा प्रश्न लोक मला हळू आवाजात विचारतात, आणि तो रास्त आहे. या खेळाचा इतिहास सगळा स्वच्छ नाही. वेंडेल स्कॉट हा मार्टिन्सव्हिलजवळच्या डॅनव्हिलचा कृष्णवर्णीय ड्रायव्हर; १९६३ साली जॅक्सनव्हिलला त्याने शर्यत जिंकली आणि विजेता म्हणून आधी दुसऱ्याचंच नाव पुकारलं गेलं. त्या विजयाची ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती पडायला २०२१ उजाडलं. जून २०२० मध्ये नॅस्कारने कॉन्फेडरेट झेंड्यावर (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या) बंदी घातली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बबा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला, नॅस्कारच्या मुख्य मालिकेत स्कॉटनंतर प्रथमच एक कृष्णवर्णीय ड्रायव्हर. बंदी आवारापुरतीच आहे. बाहेरच्या रस्त्यांवर तसे झेंडे दिसू शकतात. स्टँडमध्ये मात्र मला आजवर शेजारच्या रांगेतल्या लोकांनी आपणहून स्कॅनर लावून दिला आहे, कोणती गाडी बघायची ते सांगितलं आहे. टॅलाडेगाच्या इन्फील्डमधली, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या जागेतली, रात्र दारू आणि धांगडधिंग्याची असते; मुलांना घेऊन तिथे मुक्काम करू नका.

तर जायचं कुठे

आई-बाबा भारतातून आलेले असतील, गुडघे दुखत असतील, किंवा मुलांची ऑर्लँडोची सहल ठरलेलीच असेल, तर डेटोना. २०१६ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात तिथे सरकते जिने आणि लिफ्ट आल्या, वर चढणं सोपं आहे, आणि ऑर्लँडोहून गाडीने साधारण तासाभराची वाट. फेब्रुवारीची गर्दी आणि हॉटेलचे दर झेपत नसतील तर उन्हाळ्यातली ४०० मैलांची शर्यत घ्या. ट्रॅक तोच, आणि गाड्या दिव्यांखाली धावतात. तिथे खालच्या रांगा स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. २०१३ साली डेटोनाला दुय्यम मालिकेच्या शर्यतीत गाडीचे तुकडे कुंपणातून स्टँडमध्ये आले आणि पंचवीसहून अधिक प्रेक्षक जखमी झाले. शिवाय खालून पलीकडची बाजू दिसतही नाही.

अटलांटा किंवा बर्मिंगहॅमला राहात असाल, आणि तुम्हाला शर्यतीपेक्षा वेगाचीच ओढ असेल, तर टॅलाडेगा. सोमवारची रजा टाकून जा.

ग्रीन्सबरोच्या आसपास घर असेल तर मार्टिन्सव्हिल तासाभरावर आहे. दुसरी शर्यत म्हणून हंगामाच्या शेवटाकडची निवडा, तेव्हा प्रत्येक क्रमांकासाठी भांडण असतं.

बाकी सगळ्यांना ब्रिस्टल, आणि तीही सप्टेंबरमधली रात्रीची शर्यत. १९८२ ते २०१० या काळात इथे सलग ५५ शर्यतींची तिकिटं संपलेली असायची. आता तशी मारामार नाही, चांगली जागा मिळते. वरच्या अर्ध्या भागातली, शक्य असेल तर वळणातून बाहेर पडण्याच्या टोकाची खुर्ची घ्या. खालच्या रांगांत टायरची काळी भुकटी कपड्यांवर येऊन बसते आणि निम्मा ट्रॅक झाकला जातो. शर्यतीच्या आधी तासभर तरी पोहोचा: ड्रायव्हरांची ओळख करून देतात तेव्हा प्रत्येक जण आपण निवडलेल्या गाण्यावर बाहेर येतो, आणि कोणाला टाळ्या पडतात, कोणाची हुर्यो होते, ते ऐकून रात्री कोणावर नजर ठेवायची ते ठरवता येतं.