ठरलेला कंपू की ओपन टेबल?

ऑनलाइन डी अँड डी (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’: एक जण कहाणी चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात) चालवायचं ठरलंय, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर सर्व्हर उघडून झालाय, नकाशांसाठी कुठलं व्हर्च्युअल टेबलटॉप (स्क्रीनवरचा खेळाचा पट) घ्यायचं यावर दोन-चार रात्रीही घालवून झाल्यात. त्या वादात मी पडत नाही. कुठलंही घ्या, चालतं. खरी अडचण भिडूंची असते. तेच पाच जण धरून दर आठवड्याला एकच कहाणी पुढे न्यायची, की बारा-चौदा जणांची यादी ठेवून जे जमतील त्यांच्यासोबत डाव मांडायचा? मी दोन्ही केलंय. आधी सव्वा वर्ष कंपू, आता त्याहून थोडं जास्त ओपन टेबल.

कंपूचं सुख मोठं आहे, ते आधी मान्य करतो. आमच्यातल्या एकाच्या पात्राने, म्हणजे पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याने), तिसऱ्या सेशनला आपल्या धाकट्या भावाबद्दल एक थाप मारली होती. ती सतराव्या सेशनला उघडी पडली, तेव्हा व्हॉइस चॅनेलवर अर्धा मिनिट कुणी बोललंच नाही. असा क्षण ओपन टेबलवर येत नाही. निदान माझ्याकडे अजून आलेला नाही.

भिडू मिळवणंही कंपूसाठी वरवर सोपं वाटतं, कारण चार-पाचच तर हवेत. पण म्हणूनच निवड चुकली की महागात पडते. पंधरा मिनिटं गप्पा मारून माणूस कळत नाही. मी तीन तासांचा एक वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी कहाणी) खेळवायचो आणि एवढंच बघायचो, की दुसऱ्याची पाळी चालू असताना हा काय करतो. जो ऐकतो तो आपला. ज्याचा माइक बंद आणि मागे क्रिकेट चालू, त्याला गोड बोलून निरोप. सेशन झीरो (खेळ सुरू व्हायच्या आधीची बोलणी), कुठले विषय टेबलवर नकोत ते आधी बोलून घेणं, हे सगळं दोन्हीकडे सारखंच करावं लागतं.

मला कंपू सोडायला लावलं ते घड्याळाने.

आम्ही तिघे पुण्यात, एक डब्लिनला, एक ताई न्यू जर्सीत. दर रविवारी रात्री नऊ. भारताचं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही, त्यामुळे इथे बसून हा घोळ लक्षातच येत नाही. उन्हाळ्यात आमचे नऊ म्हणजे ताईंचे सकाळचे साडेअकरा. मुलाची मराठी शाळा अकराला सुटायची, त्या घरी पोचून हेडफोन लावायच्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेचं घड्याळ मागे गेलं आणि आमचे नऊ झाले त्यांचे साडेदहा. म्हणजे शाळेच्या पार्किंगमधून डाइस टाका. आयर्लंडचं घड्याळ त्याच्या एक आठवडा आधीच हललेलं. मार्चमध्ये परत उलटा प्रकार, आणि तेव्हा तर अमेरिका दुसऱ्या रविवारी हलते, युरोप शेवटच्या. वर्षातून चार वेळा वाटाघाटी, आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी रविवार बिघडणार. पाचातले दोन नसले की सेशन रद्द, कारण कहाणी त्यांच्यावाचून पुढे कशी न्यायची? एका हिवाळ्यात आम्ही खेळलो कमी आणि ‘बघतो, कळवतो’ जास्त केलं.

गेम डिझायनर बेन रॉबिन्सने २००७ मध्ये आपल्या ‘वेस्ट मार्चेस’ या कॅम्पेनबद्दल (अनेक सेशन चालणाऱ्या डावाबद्दल) लिहिलेलं मला तेव्हा सापडलं. ठरलेला वार नाही, ठरलेली टोळी नाही, भिडूंनीच दिवस ठरवायचा आणि कुठे जायचं तेही त्यांनीच. त्यात नवीन काही नव्हतं म्हणा. १९७४ च्या मूळ डी अँड डीच्या पुस्तिकेत एका कॅम्पेनमध्ये चार ते पन्नास खेळाडू असू शकतात असंच लिहिलंय. मैदानावर जमतील तेवढ्यांच्या दोन टीम पाडतो, तसंच हे.

फुकट मात्र काही मिळत नाही. सेशन संपायच्या आत टोळी गावात परतलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी वेगळे गडी येतात आणि आधीच्या कुणाचा तरी विझार्ड (जादूगार) गुहेत लटकलेला. तारखांची वहीही ठेवावी लागते, कारण मंगळवारच्या टोळीने लुटलेलं देऊळ शनिवारच्या टोळीला रिकामं सापडायला हवं. सगळ्यात मोठा धोका म्हणजे ‘तुम्ही ठरवा, मी येतो’ म्हणणारी माणसं. यादीत अशीच दहा असतील तर डाव कधीच लागत नाही. म्हणून भरती करताना मी आता अनुभव विचारत नाही. पुढाकार घेणारे तीन जण मिळाले की बाकीचे त्यांच्या मागे येतात.

जाहिरातीत पात्रं, जग यांचं वर्णन दोन ओळींत आटपा. भाषा लिहा (आमची मराठी, मध्येमध्ये इंग्रजी), आवाजावर खेळणार की टाइप करून ते लिहा, आणि वेळेसाठी डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प टाका, म्हणजे ज्याला त्याला आपापली वेळ दिसते. मी एकदा नुसतं ‘९ आयएसटी’ लिहिलं होतं. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही आयएसटीच म्हणतात. डब्लिनवाला त्याच्या नऊला अगदी वेळेवर आला, तेव्हा आमच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता.

तुमचे पाचही जण एकाच शहरात असतील, सगळ्यांचा रविवार खरोखर मोकळा असेल, तर कंपूच करा. त्या पॅलाडिनसारखं काही हाती लागलं तर मला हेवा वाटेल. पण एक जण जरी समुद्रापलीकडे असेल, किंवा कुणाच्या घरी तान्हं मूल असेल, तर निदान दोन महिने ओपन टेबल करून बघा. माझ्या यादीत सध्या तेरा जण आहेत. ताई महिन्यातून एकदा येतात, तेही निवांत, घरून. डब्लिनवाला वेळ ठरवताना अजून विचारतो, ‘तुमचा आयएसटी की आमचा?’