९० अंशांचा ऑफ-अ‍ॅक्सिस पॅराबोला: आरसा खणखणीत, माउंट अर्धवट

ऑफ-अ‍ॅक्सिस पॅराबोला म्हणजे मोठ्या पॅराबोलाचा अक्षापासून बाजूला घेतलेला आरशाचा तुकडा; ९० अंशांचा असला की समांतर बीम काटकोनात वळवून एका बिंदूवर आणतो. व्यास ५०.८ मिमी, परावर्तित फोकल लांबी (आरशाच्या मध्यापासून फोकसपर्यंतचं अंतर) १०१.६ मिमी, डायमंड टर्निंगने (हिऱ्याच्या टोकाने) कातलेलं अ‍ॅल्युमिनियम, वर सोन्याचा उघडा थर. कॅटलॉगमधला हा नेहमीचा माल इन्फ्रारेडसाठी पैसे वसूल करतो. हिरव्या लेझरसाठी मात्र घेऊ नये: सोनं तो रंग बराचसा गिळतं आणि कातकामाच्या चऱ्या उरलेला प्रकाश विखुरतात.

सिम्युलेशनमध्ये वक्रता त्रिज्या १०१.६ मिमी, कोनिक (वक्राचा प्रकार सांगणारा आकडा) उणे १, म्हणजे पॅराबोला. ज्याचा हा तुकडा, त्या मूळ पॅराबोलाची फोकल लांबी ५०.८ मिमी आहे. त्रिज्या आणि परावर्तित लांबी सारखी येते ती फक्त ९० अंशांत. ३० अंशांच्या आरशाला हाच हिशेब लावला की फोकस सापडत नाही.

खरी तक्रार सोबत सुचवलेल्या दोन स्क्रूंच्या माउंटची. त्यात टिल्ट (आरसा कलता करायची सोय) आहे, आरसा स्वतःच्या अक्षाभोवती फिरवायची सोय नाही. फोकस टेबलापासून हव्या उंचीवर नसला की हात आपसूक टिल्टच्या स्क्रूकडे जातो. ठिपका जागेवर येतो खरा, पण अ‍ॅस्टिग्मॅटिझम (ठिपका एका दिशेने ताणला जाण्याचा दोष) घेऊन. उंची दुरुस्त करायची ती आरसा फिरवूनच. १ अंशाला फोकस साधारण १.८ मिमी सरकतो आणि प्रतिमा बिघडत नाही. तेव्हा फिरणारा माउंट वेगळा घ्यावा.

क्रम असा: दोन आयरिसांतून (लहान-मोठी करता येणारी गोल छिद्रं) बीम टेबलाला समांतर करा. आरशाच्या बैठकीवर समांतर पृष्ठांचा सपाट आरसा टेकवून बीम आल्या वाटेने परत पाठवा, टिल्ट तिथेच पक्का करा. मग पॅराबोला बसवा, फिरवून उंची साधा. शेवटी मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्ह भिंगाने आणि कॅमेऱ्याने ठिपका फोकसच्या अलीकडे-पलीकडे बघा. तो आडवा-उभा ताणला जात असेल तर परावर्तनाच्या प्रतलातला (येणारा आणि परतणारा बीम ज्यात असतो त्या पातळीतला) टिल्ट चुकलाय; ४५ अंशांत तिरका ताणला तर प्रतलाबाहेरचा. ६३३ नॅनोमीटरचा, २० मिमी रुंद, एकसारखा भरलेला बीम असेल तर एअरी चकती (आदर्श फोकसचा सर्वात लहान ठिपका) सुमारे ७.८ मायक्रॉन व्यासाची.

इंटरफेरोमीटरवर (प्रकाशलहरींच्या तुलनेने आरशाचा आकार मोजणारं यंत्र) तपासताना फोकसकडून बीम सोडून समोर सपाट आरसा ठेवला, तर पॅराबोलावर दोनदा परावर्तन होतं, तेही ४५ अंशांत. म्हणून पृष्ठभागाची चूक काढायला मिळालेली तरंगत्रुटी (लहरीच्या आकारातली चूक) २.८३ ने भागायची. सवयीने २ ने भागलं की चूक फुगून दिसते आणि चांगले आरसे परत पाठवले जातात!

मागचे स्क्रू करकचून आवळले की पृष्ठभाग वाकतो. आणि उघडं सोनं पुसायचं नाही, फक्त कोरडी हवा.