कंबोईची तिवर-सहल: चिखलाला पैकीच्या पैकी, चहाच्या पुडीला शून्य

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून सकाळी गाडी निघते, पाद्रा-जंबुसर करत खंभातच्या आखाताकाठच्या कंबोई गावाला पोचते. आयोजकांनी ओहोटीची वेळ नेमकी साधली, यासाठी त्यांना मानलं. इथे भरती चढली की किनाऱ्यावरचं स्तंभेश्वराचं देऊळच पाण्याखाली जातं, तिथे तिवरांची काय कथा!

गाइड मुलगा हुशार. त्याने फावड्याने चिखल उभा कापून दाखवला. आत काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. पण नेरीस जातीच्या कृमींच्या बिळांभोवती गंजाच्या रंगाची कड. कृमी बिळात पाणी खेळवतो, त्याबरोबर प्राणवायू आत शिरतो, लोह गंजतं आणि मुळांना जाचणारं सल्फाइडही तेवढ्या भागात ओसरतं. मात्र प्राणवायू नुसता उपकार करत नाही. भरतीत गुदमरलेल्या मुळांना ओहोटीत तो एकदम मिळाला, किंवा पानांवर खार आणि ऊन एकत्र आलं, की पेशीत सुपरऑक्साइड, म्हणजे प्राणवायूचं घातक रूप, वाढतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर (एन्झाइम) त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग कॅटॅलेज हे दुसरं विकर त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करतं. जन्मभर मी हे फळ्यावर लिहिलं. पायाखाली तोच चिखल असताना ऐकणं वेगळंच.

पुढे त्याने तिवराचं पान चेचून त्यावर औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड ओतलं. फसफसून फेस आला, पोरं खूश. मी म्हटलं, "बेटा, आता उकळलेल्या पानावर करून दाखव." तो नुसता हसला.

का हसला ते परतीला कळलं. गाडीत 'अँटिऑक्सिडंट तिवर-चहा'च्या पुड्या विकायला काढल्या. अहो, ही विकरं म्हणजे प्रथिनं. उकळली की संपली, आणि कच्ची खाल्ली तरी पोटात पचून जाणार. पानात टॅनिनं, म्हणजे तुरट अँटिऑक्सिडंट द्रव्यं, असतात हे खरं, पण ती आपल्या साध्या चहातही असतात. झाडाने स्वतःसाठी केलेला बंदोबस्त पुडीत भरून आपल्याला लागू होत नाही. मी घेतली नाही, शेजारच्या मावशींनाही घेऊ दिली नाही.

जेवण ठीक, ढोकळा कोरडा. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ही मात्र मोठी उणीव. बुकिंग करतानाच विचारा. चपला नकोत, चिखल त्या ठेवून घेतो. नाडीचे जुने बूट घाला. आणि तारीख अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मागा, तेव्हा ओहोटी जास्त खोल जाते.